चांगलं दिसावं म्हणून पायावर सुरी चालवून घेतली, तरी लंगडणं राहिलंच. इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट तिथूनच सुरू होते

ठाणे, डोंबिवली, कल्याणहून लोकल पकडायची, सीएसएमटीला उतरायचं आणि चालत सेंट झेवियर्स कॉलेज गाठायचं, हे कित्येक पोरापोरींचं रोजचं रूटीन. १८६९ साली येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंनी हे कॉलेज सुरू केलं आणि त्याला फ्रान्सिस झेवियर यांचं नाव दिलं. हे झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले होते. त्यांच्या मागोमाग येशूसंघाचे धर्मगुरू सोळाव्या शतकातच वसई आणि ठाण्यापर्यंत पोहोचले.

पण झेवियर यांना इकडे पाठवलं कुणी? तर येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी. आणि या लोयोलांचं आयुष्य बदललं ते एका ऑपरेशनमुळं. ते ऑपरेशन जीव वाचवण्यासाठी नव्हतंच. फक्त पाय चांगला दिसावा म्हणून त्यांनी ते हट्टानं करून घेतलं होतं.

दरबारी पोरगा आणि तोफेचा गोळा

१४९१ च्या सुमारास उत्तर स्पेनमधल्या बास्क भागात, लोयोला घराण्याच्या गढीत त्याचा जन्म झाला. तेरा भावंडांत सगळ्यात धाकटा. नाव ठेवलं इनिगो. पोरवयातच त्याला राजाच्या खजिनदाराकडे पाठवलं आणि तिथंच तो दरबारी रीतभात शिकला. नीट राखलेले केस, भारी कपडे, तलवार आणि नाव कमावण्याची हौस, असा एकूण थाट होता.

मे १५२१. फ्रेंच सैन्यानं पँप्लोनाच्या किल्ल्याला वेढा घातला. बाकीचे शरण जायच्या विचारात होते, इनिगो मात्र लढायचंच म्हणून अडून बसला. तेवढ्यात तोफेचा गोळा आला. उजवा पाय मोडला, डाव्याला जखम झाली. इनिगो पडला आणि पाठोपाठ किल्लाही पडला.

फ्रेंचांनी मात्र त्याला नीट वागवलं. उपचार केले आणि डोलीतून घरी पोहोचवलं. घरी आल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं की हाड चुकीचं बसलंय. मग पाय पुन्हा मोडून हाड नव्यानं बसवलं. भूल देऊन ऑपरेशन करायची पद्धत यायला अजून सव्वातीनशे वर्षं होती. इनिगो मुठी आवळून पडून राहिला, तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतर तब्येत इतकी ढासळली की शेवटचे धार्मिक संस्कारही उरकले. संत पीटर यांच्यावर त्याची श्रद्धा होती. त्यांच्या सणाच्या आदल्या रात्री आजारानं उतार घेतला आणि तो वाचला.

जीव वाचला, पण पाय बघवेना

जखम भरली तेव्हा गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा वर आलेला होता. पायही आखूड झाला होता. त्या काळच्या घट्ट, ऐटदार बुटांत हे लपणं शक्य नव्हतं. दरबारात परत जायची स्वप्नं बघणाऱ्या तिशीच्या तरुणाला हे सहन होईना.

त्यानं डॉक्टरांना विचारलं, हाड कापता येईल का? येईल, पण आतापर्यंत सोसलं त्याहून जास्त सोसावं लागेल, असं उत्तर मिळालं. थोरला भाऊ तर ऐकूनच हादरला. इनिगो मागे हटला नाही. मांस कापून हाडाचा तुकडा काढला. मग पाय लांब व्हावा म्हणून मलमं लावली, यंत्रानं दिवसेंदिवस ताणला. एवढं करूनही पाय आखूडच राहिला. इनिगो जन्मभर लंगडला.

अंथरुणावरचा शोध

वेळ जावा म्हणून त्यानं शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात निघाली दोनच पुस्तकं, एक येशूचं चरित्र आणि दुसरं संतांच्या कथांचं.

पडल्या पडल्या त्याला एक गोष्ट जाणवली. दरबाराची, एका मोठ्या घरच्या स्त्रीसमोर मिरवण्याची स्वप्नं बघताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचा विचार केला की समाधान मागे उरायचं. आपल्या मनात येणारा विचार जाताना काय ठेवून जातो, हे तपासायची सवय त्याला इथं लागली.

१५२२ साली तो घराबाहेर पडला. मोंतसेरातच्या मठात रात्रभर प्रार्थना केली, तलवार तिथंच ठेवली, कपडे एका भिकाऱ्याला दिले. मग मानरेसा गावात जवळपास वर्षभर राहिला. आणि इथं तो दुसऱ्या टोकाला गेला. पूर्वी केसांना फार जपायचा, म्हणून आता केस विंचरणं बंद, कापणं बंद, नखं वाढलेली. जुन्या पापांच्या विचारानं इतका पोखरला गेला की जीव द्यावा असंही मनात येऊन गेलं. तरी त्यानं प्रार्थना सोडली नाही. हळूहळू मन स्थिरावलं, तेव्हा त्यानं केस आणि नखं कापायला पुन्हा सुरुवात केली.

या गोष्टीतला हा छोटा तपशील फार महत्त्वाचा आहे. आधी रूप मिळवण्यासाठी शरीराला छळलं, नंतर रूप विसरण्यासाठी छळलं. दोन्ही वेळा सगळं लक्ष दिसण्यावरच होतं. ती पकड सुटली तेव्हा शरीराची साधी निगा राखणं जमलं.

मग प्रार्थना कशाची करायची?

पुढं पॅरिसमध्ये शिकताना इनिगोचे इग्नेशियस झाले. तिथं फ्रान्सिस झेवियर त्यांच्या खोलीतले सोबती. १५४० साली पोपनी येशूसंघाला मान्यता दिली. मानरेसापासून लिहीत आणलेलं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ साली छापलं गेलं.

त्यातली प्रार्थना मित्राशी बोलावं तशी आहे. काय दुखतंय ते येशूला सरळ सांगायचं. मन अंधारलेलं असताना काय करायचं, तेही ते सांगतात: आधी केलेला चांगला निश्चय अशा वेळी बदलू नका, प्रार्थना थोडी वाढवा, विश्वासातल्या माणसाशी बोला आणि हा काळ सरणार आहे हे लक्षात ठेवा.

ऑपरेशननंतर आरशात बघवत नाही, असं ज्याला वाटतं त्याला यातून व्रण पुसायचा उपाय मिळत नाही. इग्नेशियस यांनाही तो मिळाला नव्हता. निरोगी शरीर असो की आजारी, मान असो की अपमान, यांपैकी कशावरही जीव अडकू नये, एवढं मागायला ते शिकले. म्हणून त्यांनी औषधपाण्याला कधी नाकारलं नाही. उलट आपल्या संघाच्या नियमांत तब्येतीची योग्य काळजी घ्यायला सांगितलं.

३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांचं निधन झालं. १६२२ साली झेवियर यांच्यासोबतच त्यांना संत घोषित करण्यात आलं. तोवर गोवा, वसई, ठाणे अशा ठिकाणी त्यांच्या संघाचं काम रुजलेलं होतं. यातल्या एकाही गावात ते स्वतः कधी आले नाहीत. शेवटची बरीच वर्षं त्यांनी रोममध्येच, आखूड पायानं लंगडत आणि जगभर पत्रं पाठवत काढली.