एक हजार पेशंट

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघांनी ब्रेन ट्यूमर हा विषय घेतला होता. मेंदूच्या एमआरआयची इमेज द्यायची आणि ट्यूमर कोणत्या प्रकारचा ते कॉम्प्युटरने ओळखायचं. इंटरनेटवर 3064 इमेजेसचा एक प्रसिद्ध डेटासेट आहे, तो घेतला. काही इमेजेस शिकवायला, काही टेस्टला. ॲक्युरसी आली 96 टक्के! आम्ही हवेत. सरांनी मात्र एकच विचारलं, की यात पेशंट किती? बघितलं तर फक्त 233. म्हणजे एकाच माणसाच्या इमेजेस दोन्हीकडे गेल्या होत्या. पेपर आधीच फुटला होता म्हणा ना!

सर रागावले नाहीत. डॉ. खानोलकर वाचा, एवढंच म्हणाले. मला नावसुद्धा माहीत नव्हतं.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा, घराणं मूळ गोव्याचं. 1923 मध्ये लंडन विद्यापीठातून त्यांनी पॅथॉलॉजीत एमडी केले. परत येऊन मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवले. 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

पॅथॉलॉजिस्ट पेशंटला फारसा दिसत नाही. गाठीचा तुकडा पातळ कापायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि निदान लिहून द्यायचं. पण खानोलकर स्लाइडवर थांबले नाहीत. हा माणूस कुठला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही ते बघत. 1944 मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने आलेल्या 1000 केसेसचा आढावा प्रसिद्ध केला. ओळीने हा शब्द महत्त्वाचा. सोयीच्या केसेस निवडायच्या नाहीत, जो येईल तो मोजायचा. मग सवयी आणि रोग यांचं नातं दिसू लागलं. धोतर जिथे घट्ट आवळतं त्या कमरेच्या जागी होणारा त्वचेचा कॅन्सर, आंध्रात चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूचा, बिहारात खैनी ओठाआड ठेवणाऱ्यांचा. लंडनच्या पुस्तकात हे कसं सापडणार?

पुढे परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे ते पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारखे संशोधक त्यांच्या हाताखाली घडले. कुष्ठरोग नसांमध्ये कसा पसरतो यावरही त्यांनी मोठं काम केलं. जागतिक कॅन्सर संघटनेचे अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद, पद्मभूषण, सगळं मिळालं. 29 ऑक्टोबर 1978 ला ते गेले. तेव्हा एमआरआय नुकता जन्मला होता. त्यांची ती संस्था आज खारघरला ॲक्ट्रेक म्हणून उभी आहे.

वाचल्यावर मला आमचा प्रोजेक्ट वेगळाच दिसायला लागला. इमेज कितीही स्पष्ट असो, ग्लायोमा आहे की नाही याची खात्री आजही स्लाइडवरच होते. म्हणजे मशीनला शिकवणारा खरा मास्तर पॅथॉलॉजिस्ट. आणि आमचे ते 233 पेशंट चीनच्या हॉस्पिटलांमधले. त्यात बीडचा, केजचा, आष्टीचा एकही माणूस नाही. आपल्याकडे पारावर, एसटीत, ऊसतोडीच्या फडात तंबाखू मळणारे हात रोज दिसतात, पण ते कोणाच्या डेटात आहेत? शेजारी बार्शीला 1987 पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. खानोलकरांचंच काम तिथे पुढे चाललंय असं मला वाटतं.

आम्ही डेटा पुन्हा वाटला. या वेळी इमेजप्रमाणे नाही, पेशंटप्रमाणे. एक माणूस एकाच बाजूला. ॲक्युरसी 84 वर आली. सबमिशनला दोन दिवस होते आणि जुना 96 चा ग्राफ लॅपटॉपमध्ये तयार होता. एका मित्राचं म्हणणं, बाहेरून येणाऱ्या एक्झामिनरला काय कळतंय? वाद झाला, चहा झाला. शेवटी रिपोर्टमध्ये 84 च लिहिले आणि 96 का खोटे होते तेही एका पानात लिहिले.

मार्क किती पडतील माहीत नाही. पण आता कोणताही डेटासेट उघडला की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. यात माणसं किती आणि कुठली?