आचार्य रघुवीर

आचार्य डॉ. रघुवीर (जन्म : रावळपिंडी, ३० डिसेंबर १९०२, मृत्यू : कानपूरजवळ, १४ मे १९६३) हे संस्कृत व वैदिक वाङ्मयाचे पंडित, कोशकार, चीन, तिबेट व मंगोलिया येथील बौद्ध वाङ्मयाचे संशोधक आणि संसदपटू होते. लाहोर येथे त्यांनी स्थापन केलेली सरस्वती विहार ही संस्था १९४६ ते १९५६ या काळात नागपूर येथे होती. घटना समितीवर ते मध्यप्रांत व वऱ्हाडातून निवडून गेले होते. पुढे ते राज्यसभेचे सदस्य आणि १९६३ मध्ये भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झाले.

महाराष्ट्रात रघुवीरांचे नाव निघते ते बहुधा संस्कृतनिष्ठ पारिभाषिक शब्दांच्या संदर्भात, आणि पुष्कळदा थट्टेच्या सुरात. त्यांचे चीनविषयक कार्य त्यामुळे झाकले गेले. भारतात लुप्त झालेले किती वाङ्मय चिनी भाषांतरांत टिकून राहिले, चिनी लिपीत भारतीय नावे कशी लिहिली जात, राम आणि दशरथ ही नावे चीनमध्ये केव्हा पोहोचली, असे प्रश्न घेऊन त्यांनी तीस वर्षे काम केले. चीनच्या जुन्या ग्रंथांशी इतका निकटचा परिचय असलेला हा विद्वान भारत सरकारच्या चीनविषयक धोरणाचा कडवा टीकाकार झाला आणि त्याच मतभेदातून त्याने काँग्रेस पक्ष सोडला.

शिक्षण आणि लाहोर येथील कार्य

लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून एम.ए. झाल्यावर रघुवीरांनी लंडन विद्यापीठाची पीएच.डी. पदवी मिळवली आणि नेदरलँड्समध्ये पुढील अध्ययन केले. परत आल्यावर ते लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात संस्कृत विभागाचे प्रमुख झाले. त्यांची आरंभीची कीर्ती वेदाभ्यासक म्हणून होती. कृष्ण यजुर्वेदाच्या कपिष्ठल-कठ संहितेची त्यांची आवृत्ती १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील विराटपर्वाचे संपादन त्यांनी केले (१९३६). मराठी विद्वानांशी त्यांचा संबंध अशा रीतीने नागपूरला येण्यापूर्वीच जुळला होता.

याच काळात सरस्वती विहाराची स्थापना झाली. भारताबाहेर, विशेषतः मध्य व पूर्व आशियात विखुरलेले भारतीय वाङ्मय गोळा करणे हा संस्थेचा एक मुख्य हेतू होता. विद्वानांसाठी हा मार्ग त्या दशकात अगदी अनोळखी नव्हता. पुण्यात पु. वि. बापट यांनी विशुद्धिमग्ग हा पाली ग्रंथ आणि विमुत्तिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी विमुत्तिमग्ग लिआंग राजवटीतील चिनी भाषांतराच्या रूपानेच पूर्ण उपलब्ध होता. रघुवीरांचा ओढा मात्र बौद्ध तत्त्वज्ञानापेक्षा कथा, नामे आणि शब्द यांच्याकडे अधिक होता.

चीनमधील रामायण

जपानमधील कोयासान येथील विद्वान चिक्यो यामामोतो यांच्या सहकार्याने रघुवीरांनी १९३८ मध्ये चीनमधील रामायण या विषयावरील इंग्रजी पुस्तक लाहोरहून प्रसिद्ध केले. चिनी त्रिपिटकातील दोन कथांची भाषांतरे त्यात एकत्र आली.

पहिली कथा इ.स. २५१ मधील आहे. हान साम्राज्य मोडून चीनचे तीन राज्यांत विभाजन झाले होते. त्यांपैकी दक्षिणेकडील वू राज्यात खांग संगहुई या भिक्षूने ती चिनी भाषेत आणली. त्याचे पूर्वज मध्य आशियातील सोग्द प्रदेशाचे असून त्याचा जन्म आजच्या व्हिएतनामच्या उत्तर भागात झाला होता. या कथेत कोणाचेही नाव नाही. शेजारचा राजा असलेला मामा स्वारी करून येतो, तेव्हा प्रजेचा संहार टाळण्यासाठी नायक राज्य सोडून राणीसह वनात जातो. एक दुष्ट नाग तपस्व्याच्या वेषात येऊन राणीला पळवतो. वाटेत अडवणाऱ्या पक्ष्याचा तो पंख मोडतो. पुढे राज्य गमावलेला वानर भेटतो, वानरसेना समुद्र ओलांडते आणि नागाचा वध होतो. शेवटी राणीच्या शुद्धतेची साक्ष म्हणून धरणी दुभंगते. इंद्र लहान वानराचे रूप घेऊन साहाय्यास येतो. हनुमंताची आठवण करून देणारे हे पात्र वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

दुसरी कथा इ.स. ४७२ ची, उत्तर वेई राजवटीतील आहे. तिच्या भाषांतरात सहभागी असलेला थान-याओ हा भिक्षू युनकांग येथील लेण्यांच्या आरंभीच्या कामाचाही प्रमुख होता. हिच्यात राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न ही नावे आहेत, बारा वर्षांचा वनवास आहे आणि सिंहासनावर ठेवलेली पादत्राणेही आहेत, पण सीता नाही आणि तिचे हरणही नाही. म्हणजे एका कथेत नावे आहेत आणि युद्ध नाही, तर दुसरीत युद्ध आहे आणि नावे नाहीत. दोन्ही शेजारी ठेवल्या की रामकथेचा जवळजवळ पूर्ण सांगाडा उभा राहतो. तिसऱ्या ते पाचव्या शतकात ही कथा भारताबाहेर कोणकोणत्या रूपांत फिरत होती याचा निश्चित कालनिर्देश असलेला पुरावा म्हणून या पुस्तकाचे मोल आजही आहे. भारतीय ग्रंथांचा काळ ठरवणे किती अवघड असते हे लक्षात घेता चिनी भाषांतरांवरील तारखा हा अभ्यासकांचा मोठाच आधार ठरतो.

नावांचा प्रश्न

चिनी लिपीत अक्षरे नसून शब्दचिन्हे असतात. प्रत्येक चिन्हाला ध्वनीही असतो आणि अर्थही. त्यामुळे परकीय नाव लिहिताना भाषांतरकारापुढे दोन वाटा असत. एक, अर्थाकडे दुर्लक्ष करून जवळच्या ध्वनीची चिन्हे मांडणे. दुसरी, नावाचा अर्थ लावून तो चिनी भाषेत सांगणे. सम्राट अशोक हा ध्वनीने 'आ-यू' होतो आणि अर्थाने 'वू-यौ', म्हणजे शोक नसलेला. वर उल्लेखिलेल्या ४७२ च्या कथेत राम आणि भरत ध्वनीने आले आहेत, तर शत्रुघ्नाचे नाव शत्रूंचा नाश करणारा अशा अर्थाने दिले आहे. दशरथाच्या नावात पहिले चिन्ह दहा या अर्थाचे आहे. दुसऱ्या चिन्हाचा अर्थ ऐश्वर्य असा होत असल्यामुळे रघुवीर व यामामोतो यांच्या भाषांतरात तो दहा ऐश्वर्यांचा राजा झाला आहे.

ध्वनिरूपाने लिहिलेली नावे काही पिढ्यांतच चिनी वाचकांना दुर्बोध होत. म्हणून लिआंग राजवटीत, इ.स. ५१७ मध्ये, फान-फान-यू हा कोश तयार झाला. भाषांतरित ग्रंथांतील संस्कृत शब्द व विशेषनामे गोळा करून त्यांचे अर्थ त्यात दिलेले आहेत. त्यातील भारतीय स्थलनामांचा भाग रघुवीर आणि यामामोतो यांनी १९४३ मध्ये लाहोरहून प्रसिद्ध केला. भारतीय भूगोलासाठी अशा साधनांचा उपयोग उघड आहे. सातव्या शतकात, थांग राजवटीत आलेला ह्युएन त्संग महाराष्ट्राचे नाव ध्वनीनेच लिहितो. त्याने वर्णिलेला दक्षिणेकडील कोसल देश नेमका कोठे होता यावर विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्ही प्रदेशांतील अभ्यासकांनी बराच खल केलेला आहे.

ध्वनी घ्यावा की अर्थ, हा प्रश्न रघुवीरांपुढे नागपूरला वेगळ्या स्वरूपात उभा राहिला.

नागपूर पर्व

फाळणीपूर्वी, १९४६ मध्ये, रघुवीरांनी सरस्वती विहार लाहोरहून नागपूरला हलवला. संस्थेचा ग्रंथसंग्रह त्यामुळे वाचला. नागपूरला चीनचे नाव नवे नव्हते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर होते.

रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाला मध्यप्रांत व वऱ्हाडचा राज्यकारभार हिंदी आणि मराठीतून चालवायचा होता. १९५० च्या राजभाषा कायद्याने या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान मिळाले. त्यासाठी लागणारी परिभाषा तयार करण्याचे काम रघुवीरांकडे आले. इंग्रजी शब्दाचा ध्वनी न उचलता संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या साहाय्याने अर्थवाही शब्द घडवायचे, ही त्यांची पद्धत होती. 'वि' हा उपसर्ग आणि 'धा' हा धातू घेतला की विधी, विधान, विधेयक, विधायक, वैध असे कुटुंबच तयार होते, आणि एक शब्द कळलेल्या वाचकाला दुसरा ओळखू येतो. शिवाय असा शब्द मराठी, हिंदी, बंगाली वा तेलुगू भाषकाला सारखाच चालेल, असा त्यांचा विश्वास होता. सुमारे दीड लाख शब्दांचे श्रेय त्यांना दिले जाते. के. एन. दवे यांच्यासह केलेली भारत, ब्रह्मदेश व श्रीलंकेतील पक्ष्यांची भारतीय शास्त्रीय नामावली १९४९ मध्ये, तर शासकीय व शैक्षणिक शब्दांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये नागपूरहून निघाला. संविधानाच्या मसुद्याच्या हिंदी अनुवादाच्या कामातही त्यांचा सहभाग होता.

या शब्दांवर टीकाही भरपूर झाली. 'रघुवीरी हिंदी' हा शब्दप्रयोग क्लिष्टतेचा समानार्थी बनला. त्यांनी न घडवलेले हास्यास्पद शब्दही त्यांच्या नावावर खपवले गेले. रूढ झालेले फार्सी वा इंग्रजी शब्द बाजूला सारण्याचा त्यांचा आग्रह अनेकदा अनावश्यक होता, हे मान्य करावे लागते. मात्र महाराष्ट्र राज्याच्या १९६२ च्या पदनाम कोशाचीही अशीच थट्टा झाली होती आणि त्यातील कित्येक शब्द आज कार्यालयांच्या दारांवरील पाट्यांवर कोणाच्या लक्षातही न येता वावरत आहेत.

कोशकार्याच्या धबडग्यातही वेदाभ्यास आणि चीनचा अभ्यास थांबला नाही. पुत्र लोकेश चंद्र यांच्यासह त्यांनी संपादिलेले जैमिनीय ब्राह्मण १९५४ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अहिंसेवरील चिनी कविता आणि चित्रे यांचे त्यांचे पुस्तकही नागपुरातूनच निघाले.

१९५५ चा चीन प्रवास

१९५५ मध्ये रघुवीरांनी चीनचा सुमारे तीन महिन्यांचा प्रवास केला. भारत-चीन मैत्रीच्या घोषणांचा तो काळ होता. पंचशीलाचा उल्लेख असलेला तिबेटविषयक करार २९ एप्रिल १९५४ रोजी झाला होता. पेकिंगपासून गोबीच्या वाळवंटाच्या कडेला असलेल्या तुनह्वांग लेण्यांपर्यंत ते गेले. चिनी, तिबेटी, मंगोल आणि मांचू भाषांतील ग्रंथ, हस्तलिखिते आणि शिलालेखांचे ठसे यांचा मोठा संग्रह त्यांच्याबरोबर भारतात आला. त्यांची प्रवासाची दैनंदिनी लोकेश चंद्र यांनी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केली.

चीनच्या अखेरच्या, छिंग राजवटीचे राज्यकर्ते मांचू होते. तिबेटी व मंगोल बौद्ध वाङ्मयाला त्यांनी मोठा आश्रय दिला. मंगोल भाषेतील कंजूर, म्हणजे बुद्धवचनांचा संग्रह, खांग-शी सम्राटाच्या काळात १७१७ ते १७२० या वर्षांत पेकिंगला लाकडी ठशांवरून छापला गेला. रघुवीरांच्या संग्रहातील या कंजूरच्या प्रतीवरून लोकेश चंद्र यांनी १९७३ ते १९७९ या काळात १०८ खंड पुनर्मुद्रित केले. रघुवीरांनी स्वतः मंगोल-संस्कृत कोश (१९५८) आणि संस्कृत, तिबेटी, मांचू, मंगोल व चिनी अशा पाच भाषांतील बौद्ध संज्ञांचा कोश (१९६१) प्रसिद्ध केला. हे ग्रंथ 'शतपिटक' मालेत निघाले. या मालेच्या खंडांची संख्या पुढे सहाशेच्या वर गेली.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन नागपूरचे राजधानीपद गेले. सरस्वती विहारही त्याच वर्षी दिल्लीला हलला आणि पुढे हौज खास येथे स्थिरावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला त्याच वर्षी बौद्ध वाङ्मयाचा हा दुर्मिळ संग्रह नागपूरने गमावला, ही गोष्ट विदर्भातील अभ्यासकांना खटकण्याजोगी आहे.

राजकारण आणि मृत्यू

रघुवीर १९५२ मध्ये काँग्रेसतर्फे राज्यसभेवर गेले आणि नंतर पुन्हा निवडून आले. तिबेटच्या प्रश्नावर भारताने घेतलेली भूमिका त्यांना मान्य नव्हती. तिबेट हे त्यांच्या दृष्टीने केवळ सीमेवरचे पठार नव्हते. भारतातील विहार नष्ट झाल्यावर तेथील ग्रंथ ज्या भाषेत जिवंत राहिले तिचा तो देश होता. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आश्रयाला आले आणि सीमेवर चकमकी झाल्या. त्यानंतर सरकारशी असलेले त्यांचे मतभेद तीव्र झाले आणि डिसेंबर १९६१ मध्ये त्यांनी काँग्रेसचा त्याग करून जनसंघात प्रवेश केला. पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनचे आक्रमण झाले.

जनसंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे काही महिनेच राहिले. मे १९६३ मध्ये लोकसभेच्या काही पोटनिवडणुका विरोधी पक्षांनी परस्परांना साहाय्य करून लढवल्या. फर्रुखाबाद मतदारसंघात समाजवादी नेते राममनोहर लोहिया उभे होते. त्यांच्या प्रचारासाठी जात असताना १४ मे रोजी कानपूरजवळ मोटारीला अपघात होऊन रघुवीरांचे निधन झाले. ती निवडणूक लोहियांनी जिंकली. सरस्वती विहाराचे काम त्यानंतर लोकेश चंद्र यांनी दिल्लीत चालू ठेवले.