डॉ. वि. ना. शिरोडकर : लपवल्या जाणाऱ्या दुखण्याचे शल्यविशारद

जगभरातील स्त्रीरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शस्त्रक्रियांना ज्या मोजक्या भारतीयांची नावे मिळाली, त्यांत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव ठळक आहे. गर्भपात टाळणाऱ्या टाक्यासाठी ते ओळखले जातात. त्यांचे दुसरे कार्य मात्र तितकेसे बोलले जात नाही, कारण ते दुखणेच न बोलण्याचे आहे.

शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९२३ मध्ये पदवीधर झाले. १९२७ मध्ये त्यांनी एम.डी. केले, तर १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये एफआरसीएस ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर ग्रँट महाविद्यालयातच ते प्राध्यापक झाले.

अंग बाहेर येणे

लागोपाठची बाळंतपणे, अडलेली प्रसूती आणि ओली बाळंतीण असतानाच उचललेली ओझी यांमुळे गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध सैल पडतात. गर्भाशय खाली उतरते आणि त्यासोबत मूत्राशयही ओढले जाते. खोकताना, शिंकताना लघवी गळते. काहींना ती पुरती होतच नाही. बायका याला अंग बाहेर येणे म्हणतात आणि बहुधा कोणालाच सांगत नाहीत. वास येईल या धास्तीने हळदीकुंकू टळते, एसटीचा प्रवास नकोसा होतो, पाणी पिणेही कमी केले जाते.

वयस्क स्त्रीचे गर्भाशय काढून टाकणे हा एक मार्ग होता. पण भारतात हे दुखणे ऐन पंचविशीतही गाठत असे. मँचेस्टर नावाने प्रसिद्ध असलेल्या शस्त्रक्रियेत गर्भाशय राहत असले तरी त्याच्या मुखाचा भाग कापला जाई, आणि पुढे गर्भ टिकणे अवघड होई. ज्या घरात मूल नसलेल्या सुनेला स्थान नव्हते, तिथे असा उपचार म्हणजे एका संकटातून सुटून दुसऱ्यात सापडणे होते.

शिरोडकर यांनी या पद्धतीत बदल केला. मुख न कापता, मागचे बंध सोडवून ते पुढच्या बाजूस एकमेकांवर घेऊन शिवायचे, अशी ही रचना होती. गर्भाशय पट्टीच्या आधाराने माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला बांधण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती करण्यास कठीण असून कसलेल्या हातांचीच आहे. शिवाय उतरलेले अंग वर उचलल्यावर काही स्त्रियांत लघवी गळणे नव्यानेच उघड होते, हेही आता ज्ञात आहे.

मांडीतील पट्टीचा टाका

१९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या नियतकालिकात त्यांनी आपल्या टाक्याची पद्धत प्रसिद्ध केली. चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार गर्भ गळणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाभोवती मांडीतील स्नायुवेष्टनाची पट्टी आवळून बसवायची, असे तिचे स्वरूप होते. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या इयान मॅकडॉनल्ड यांनी तुलनेने सोपी पद्धत मांडली. आज दोन्ही वापरात आहेत.

कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही शिरोडकर यांनी भाग घेतला. केंद्र सरकारने त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण, तर १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.