प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात माधान नावाचे गाव आहे. ज्यांनी जाणत्या वयात एकही अक्षर डोळ्यांनी पाहिले नाही, तरीही शंभराहून अधिक ग्रंथ रचले, त्या श्रीगुलाबराव महाराजांचे हे गाव.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे झाला. वडिलांचे नाव गोंदुजी मोहोड व आईचे अलोकाबाई. बाळ अवघे नऊ महिन्यांचे असताना त्याची दृष्टी गेली. पुढे चौथ्या वर्षाच्या सुमारास आईही निवर्तली. काही वर्षे आजीने त्याचा सांभाळ केला.

त्या काळी वऱ्हाडातील खेड्यात अंध मुलाला शिक्षण कोठून मिळणार? परंतु या मुलाला ज्ञानाची विलक्षण ओढ होती. तो इतरांकडून ग्रंथ वाचून घेई. ऐकलेले तो ध्यानात ठेवी आणि त्यावर दीर्घकाळ मनन करी. केवळ पाठांतराने त्याचे समाधान होत नसे. ऐकलेला विचार पटतो की नाही, हे तो स्वतःच्या बुद्धीने तपासून पाही. पुढे वेदान्ताबरोबरच डार्विन, स्पेन्सर या पाश्चात्त्य पंडितांच्या मतांचाही महाराजांनी परामर्श घेतला.

त्यांची प्रतिभा मळलेल्या वाटेनेच चालणारी नव्हती. ते सांगत आणि शिष्य लिहून घेत. अशा रीतीने सूत्रे, भाष्ये, निबंध, नाटके, आख्याने, अभंग, पत्रे, लोकगीते असे नाना प्रकारचे वाङ्मय निर्माण झाले. पंडितांसाठी त्यांनी संस्कृतात रचना केली, तर सामान्य जनांसाठी सोपी पदे रचली. एवढ्यावर न थांबता त्यांनी ‘नावंग’ नावाची एक नवी भाषाही तयार केली. ज्याने लिपी पाहिली नाही, त्याने भाषा घडवावी, हे केवढे आश्चर्य!

ज्ञानेश्वर माउलींना ते पिता मानीत व स्वतःस त्यांची कन्या म्हणवीत. भक्तीची माधुरी आणि अद्वैताचे ज्ञान यांचा मेळ घालणारे त्यांचे मत ‘मधुराद्वैत’ या नावाने ओळखले जाते.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणजे बुद्धी हेच ज्याचे नेत्र आहेत असा पुरुष म्हटले, ते सार्थच होय. ऐकावे, मनन करावे आणि मग स्वतःचे असे काही नवे निर्माण करावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध आहे.