अब्राहमचा मुलगा

माझ्या पणजोबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात इतिहासाची पुस्तके चाळताना धर्म बदललेल्या माणसाची हकीकत आली, की माझे बोट त्या पानावर थांबते. लॉर्ड जॉर्ज गॉर्डन मला असाच भेटला.

त्याचा जन्म १७५१ साली लंडनला झाला. बाप स्कॉटलंडमधला मोठा ड्यूक. शिक्षण इटनला, मग नौदल आणि १७७४ पासून पार्लमेंट. कॅथलिकांना मिळालेल्या सवलती रद्द व्हाव्यात म्हणून २ जून १७८० रोजी सुमारे ५०,००० लोकांचा जमाव घेऊन तो पार्लमेंटवर गेला. त्यानंतर आठवडाभर लंडन पेटले. जमावाने न्यूगेटचा तुरुंगही जाळला. गोळीबारात जवळजवळ तीनशे माणसे मेली. राजद्रोहाच्या खटल्यातून १७८१ मध्ये गॉर्डन निर्दोष सुटला.

दुसऱ्यांच्या धर्माविरुद्ध इतके रान उठवणारा हा माणूस १७८७ साली ज्यू झाला, हे वाचून मी थक्क झालो.

ज्यू धर्म कोणाला बोलवायला जात नाही. उलट दारी आलेल्याला आधी परत पाठवावे, त्याचा निश्चय पारखावा, अशी रीत आहे. गॉर्डनला लंडनमध्ये नकार मिळाला. बर्मिंगहॅममध्ये त्याला स्वीकारले गेले. सुंता झाली आणि त्याने इस्रायल बार अब्राहम हे नाव घेतले. बार अब्राहम म्हणजे अब्राहमचा मुलगा. धर्मात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचा बाप अब्राहमच मानतात. ड्यूकच्या मुलाने बापाचे नाव बदलले!

त्याच सुमारास फ्रान्सच्या राणीची बदनामी केल्याबद्दल तो दोषी ठरला आणि १७८८ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंग कोणता? पुन्हा बांधलेला तोच न्यूगेट. तिथे त्याने दाढी राखली, खाण्यापिण्याचे नियम पाळले, शनिवारी ज्यू मंडळींना जमवून प्रार्थना केली. शिक्षा संपली, पण पुढच्या चांगल्या वर्तणुकीसाठी न्यायालयाला पटेल असा जामीन मिळाला नाही. १ नोव्हेंबर १७९३ रोजी तुरुंगातल्या तापाने तो तिथेच गेला. वय अवघे एक्केचाळीस. पुरले मात्र ख्रिस्ती दफनभूमीत.

ज्यू शास्त्राप्रमाणे एकदा आत आलेला माणूस पूर्ण ज्यू असतो. त्याला त्याच्या जुन्या आयुष्याची आठवण करून देणे हे पाप आहे. दावीद राजाची पणजी रूथ हीसुद्धा परक्या कुळातून आलेली. हा नियम मी दोनदा वाचला. कारण आम्हाला आजही कोणी ना कोणी विचारतोच, तुम्ही मूळचे कोण?

आणि मग माझी मलाच लाज वाटली. गॉर्डनची कथा मीही त्याच्या दंगलीपासूनच सुरू केली आहे. मेलेली तीनशे माणसे विसरता येत नाहीत, हे खरे. पण ज्या नावाने तो मेला, त्या नावाने त्याला एकदा तरी हाक मारायला हवी : इस्रायल, अब्राहमचा मुलगा.