बी अम्मा : आबादी बानो बेगम

सोलापूरहून होटगीमार्गे विजापूरला जाणारा लोहमार्ग आपल्या भागातील वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९२३ साली तेथील तुरुंगात मौलाना मुहम्मद अली जौहर सक्तमजुरीची शिक्षा भोगत होते. त्याच कोठडीत त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत इंग्रजीत लिहावयास घेतली. ऑक्सफर्डला शिकलेल्या या विद्वानाने तीत आपल्या आईविषयी मोठ्या आदराने लिहिले आहे. ही आई शाळेत कधी गेली नव्हती. तिचे नाव आबादी बानो बेगम. सारा हिंदुस्थान तिला ‘बी अम्मा’ म्हणून ओळखत असे.

बी अम्मांचा जन्म १८५० च्या सुमारास मुरादाबादजवळील अमरोहा येथे झाला. १८५७ च्या उठावाची झळ त्यांच्या माहेरच्या घराण्याला बसली होती. त्या काळातील शरीफ घराण्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना कुरआनचे पठण शिकविले गेले. लिहिणे मात्र शिकविले गेले नाही. पुढे उर्दू पुस्तके वाचण्याइतके ज्ञान त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळविले. रामपूर संस्थानातील अब्दुल अली खान यांच्याशी त्यांचा निकाह झाला. पाच मुलगे आणि एक मुलगी अशी संतती झाली आणि १८८० साली पटकीच्या साथीत पतीचे निधन झाले. त्या वेळी बी अम्मांचे वय तिशीच्या आसपास होते. सर्वांत धाकटा मुहम्मद अली जेमतेम दोन वर्षांचा होता.

विधवेने दुसरा निकाह करावा, यास आपल्या दीनमध्ये कोणतीही आडकाठी नाही. उलट त्याला उत्तेजनच आहे. बी अम्मांनाही तसे सुचविण्यात आले. परंतु सहा यतीम लेकरांचा सांभाळ हेच आता आपले काम, असे त्यांनी ठरविले होते. हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. वैधव्य म्हणजे अपशकुन, असे मानणाऱ्या रूढीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण आपल्याही काही घरांतून ती रूढी अद्याप गेलेली नाही.

पती मागे कर्ज ठेवून गेले होते. मालमत्तेचा कारभार मुलांच्या चुलत्यांकडे होता. थोरल्या मुलानंतर शौकत अलींनाही बरेलीच्या इंग्रजी शाळेत पाठवावे, असे बी अम्मांनी मनात धरले, तेव्हा चुलत्यांनी साफ नकार दिला. इंग्रजी शिकून एक पोरगा बेदीन होणार तो होणारच, आणखी दुसरा कशाला, असे त्यांचे मत होते. तो काळ लक्षात घेता हे मत एकट्या त्यांचे नव्हते. मोठमोठे धार्मिक लोकही असेच बोलत असत. बी अम्मांनी वाद घातला नाही. त्यांनी आपले दागिने घरातील मोलकरणीच्या हाती गुपचूप शेजारच्या एका हिंदू महाजनाकडे गहाण पाठविले आणि आलेल्या रकमेतून मुलाला शाळेत धाडले. चुलत्यांना हे कळले तेव्हा ते खजील झाले. त्यांनी दागिने सोडवून आणले आणि पुढील खर्च मालमत्तेतून देण्यास संमती दिली.

या प्रसंगावर थोडे थांबावयास हवे. यतीमांचा माल कसा सांभाळावा, हे सूरह निसाच्या प्रारंभीच विस्ताराने सांगितलेले आहे. तो माल सांभाळणे म्हणजे केवळ तिजोरीला कुलूप लावणे नव्हे; तो त्या मुलांच्या भल्यासाठी खर्च होणेही आवश्यक आहे. चुलते बेईमान नव्हते, पण त्यांची नजर तिजोरीवर होती. बी अम्मांची नजर मुलांवर होती. आणि मुले बेदीन होतील ही भीती त्यांनी कृतीने दूर केली. त्यांच्या घरात नमाज आणि रोजे यांत सवलत नव्हती. स्वतःचे अन्न साधे, कपडे जाडेभरडे. जे वाचेल ते मुलांच्या शिक्षणासाठी.

मुले बरेलीहून अलीगढला गेली. मुहम्मद अली १८९६ साली बी.ए.च्या परीक्षेत अलाहाबाद विद्यापीठात पहिले आले आणि १८९८ मध्ये ऑक्सफर्डला रवाना झाले. १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्याहून ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. पुढे दिल्लीहून ‘हमदर्द’ हे उर्दू दैनिक निघाले. शौकत अलींनी सरकारी नोकरी सोडून १९१३ मध्ये फिरंगी महलचे मौलाना अब्दुल बारी यांच्यासह अंजुमन-ए-खुद्दाम-ए-काबा स्थापन केली.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान इंग्रजांच्या विरोधी पक्षात उतरले आणि मे १९१५ मध्ये दोघे भाऊ नजरकैदेत पडले. आधी मेहरौली, मग लॅन्सडाउन आणि शेवटी नागपूरच्या उत्तरेला असलेले छिंदवाडा. बी अम्मा तेव्हा पासष्टीच्या होत्या. त्या मुलांबरोबर गेल्या. १९१७ साली सरकारने सुटकेसाठी एका प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठविला. मुले कदाचित डळमळतील, या शंकेने बी अम्मा पडद्याआडून त्या अधिकाऱ्यासमोर बोलल्या. दीनच्या विरोधात जाणारी एखादी अट मुलांनी सुटकेच्या मोहाने पत्करली, तर त्यांचा गळा दाबण्याइतके बळ अल्लाह या म्हाताऱ्या हातांना देईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. भावांनी इस्लामवरील आपल्या निष्ठेला बाध येणार नाही, अशी पुस्ती जोडली. सरकारला ती मान्य झाली नाही आणि कैद आणखी दोन वर्षे लांबली. आईच्या ममतेचे हे रूप कोणाला कठोर वाटेल. पण त्याच आईने मुलांसोबत परक्या गावी नजरकैदेचे दिवस काढले, हेही विसरता येत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्याला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. अध्यक्षपदी मुहम्मद अलींची निवड झाली होती आणि ते कैदेत होते. खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवण्यात आली आणि बुरखा घातलेल्या बी अम्मा त्यांच्या वतीने सभेपुढे बोलल्या. पडद्यातील एका वृद्ध मुस्लिम स्त्रीने इतक्या मोठ्या राजकीय सभेत बोलावे, ही तेव्हा अभूतपूर्व गोष्ट होती.

१९१९ च्या अखेरीस भाऊ सुटले. खिलाफतीच्या चळवळीचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत होते. भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही त्याची साक्ष देत उभे आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये मुहम्मद अलींना वॉल्टेअर येथे पुन्हा अटक झाली. कराचीच्या खटल्यात दोघा भावांना दोन-दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. मग मुहम्मद अलींच्या पत्नी अमजदी बेगम यांना बरोबर घेऊन सत्तरी ओलांडलेल्या बी अम्मा देशभर फिरू लागल्या. खादी वापरा, आपसात भांडू नका, खिलाफतीच्या निधीला हातभार लावा, एवढेच त्यांचे सांगणे असे. स्त्रिया अंगावरील दागिने उतरवून देत. दागिन्यांचे मोल काय आणि ते कशासाठी उतरवावेत, हे बी अम्मांना चाळीस वर्षांपूर्वीच कळले होते. त्यांच्या तोंडी घातलेले एक गाणे त्या दिवसांत उत्तर हिंदुस्थानच्या गल्लोगल्ली मुलांच्या ओठी होते.

लाहोरच्या एका सभेत बी अम्मांनी चेहऱ्यावरील नकाब दूर केला. समोरची सारी माणसे आपल्याला मुलांसारखी आहेत, असे त्यांनी सांगितले. यावर त्या काळीही चर्चा झाली आणि आजही काही मंडळी हा प्रसंग पर्द्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडतात. तसे मांडणे न्यायाचे नाही. निकाहाचे वय उलटून गेलेल्या वृद्ध स्त्रियांना सूरह नूरमध्ये वरची वस्त्रे उतरविण्याची सवलत दिलेली आहे. मात्र त्यात शृंगाराचे प्रदर्शन नसावे. बी अम्मांनी आयुष्यभर पर्दा सांभाळला आणि तो कोठे सैल करावा हेही त्या जाणून होत्या.

१९२३ मध्ये मुले सुटून घरी आली. पण मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेनेच खिलाफत संपुष्टात आणली. ज्या गोष्टीसाठी मुलांनी तुरुंगवास भोगला आणि आईने वणवण केली, ती अशी डोळ्यांदेखत नाहीशी झाली. सप्टेंबरात कोहाट येथे दंगल उसळली आणि गांधीजींनी दिल्लीत मुहम्मद अलींच्याच घरी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. बी अम्मांची प्रकृती तेव्हा ढासळत चालली होती.

१३ नोव्हेंबर १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. अल्लाह तआला त्यांची मगफिरत फर्मावो.