अर्धं माणूस दाराबाहेर

आजचे वचन: गलतीकरांस पत्र ३:२८



आजच्या वचनात प्रेषित पौल तीन भिंती पाडतो: वंशाची, गुलामीची आणि स्त्री-पुरुष भेदाची. ख्रिस्तात आल्यावर या भिंती उरत नाहीत, असं तो गलतीच्या मंडळ्यांना सांगतो. हे वचन आपल्याला तोंडपाठ असतं. पण या तिन्ही भिंतींशी जन्मभर झगडावं लागलेल्या एका व्यक्तीची आज ओळख करून घेऊ या. नाव पॉली मरे.

जन्म १९१०, बाल्टिमोर, अमेरिका. आई लहानपणीच वारली, आणि नॉर्थ कॅरोलायनामधल्या डरहम गावात शिक्षिका असलेल्या मावशीने पॉलीला वाढवलं. घर एपिस्कोपल मंडळीचं. अमेरिकेतली अँग्लिकन मंडळी ती हीच. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडियासुद्धा त्याच जागतिक अँग्लिकन कुटुंबात आहे, म्हणून ही गोष्ट परक्या घरची नाही. पॉलीची आजी कॉर्नेलिया गुलामीत जन्मलेली. चॅपल हिलच्या एका चर्चमध्ये १८५४ साली तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हाही ती कायद्याने मालकाची मालमत्ताच होती.

१९३८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने काळी व्यक्ती म्हणून पॉलीला प्रवेश नाकारला. १९४० मध्ये ईस्टरच्या दिवसांत व्हर्जिनियात बसच्या मागच्या मोडक्या सीटवर बसायला नकार दिला म्हणून अटक झाली. त्या काळात पॉली गांधीजींच्या सत्याग्रहाबद्दल वाचत होत्या आणि तुरुंगात त्याच मार्गाने वागायचा त्यांनी प्रयत्न केला. पुढे हॉवर्ड विद्यापीठात कायद्याच्या वर्गात पहिला नंबर काढला. पण पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डने दार लावून घेतलं, कारण तिथे तेव्हा फक्त पुरुषांना प्रवेश होता. एकदा रंग आडवा आला, एकदा बाईपण. तरी त्या थांबल्या नाहीत. वंशभेदाच्या कायद्यांवरचं त्यांचं १९५१ चं जाडजूड पुस्तक नागरी हक्कांच्या वकिलांच्या हाताशी असायचं. १९७१ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी स्त्रियांच्या समानतेच्या गाजलेल्या खटल्यात लेखी युक्तिवाद दाखल केला, तेव्हा लेखकांमध्ये पॉलींचंही नाव घातलं, कारण मूळ विचार त्यांचा होता.

आता चौथी भिंत. ती बाहेर कुणाला दिसत नव्हती. पॉलींचं प्रेम स्त्रियांवर होतं. तरुणपणी तर आपण आतून पुरुषच आहोत असं त्यांना तीव्रतेने वाटायचं. त्यासाठी त्यांनी डॉक्टरांकडे हार्मोनचे उपचार मागितले, आणि ते नाकारले गेले. (मी 'त्या' असं लिहितोय, कारण आत्मचरित्रात त्यांनी स्वतःला स्त्री म्हणूनच मांडलं आहे.) आयरीन बार्लो ही त्यांची अनेक वर्षांची जिवाभावाची सोबतीण. दोघींची श्रद्धा एकच, मंडळी एकच. १९७३ मध्ये आयरीन गेली, आणि त्या दुःखातून पॉलींना पाचारण ऐकू आलं. साठी ओलांडलेली, कायद्याच्या प्राध्यापकाची नोकरी हातात. ती सोडून त्या सेमिनरीत दाखल झाल्या. तेव्हा त्यांच्या मंडळीत बायकांना पाळकपद मिळतच नव्हतं!

१९७६ मध्ये मंडळीच्या महासभेने दोन ठराव केले. एक, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळेल. दुसरा, समलिंगी माणसं देवाची लेकरं आहेत आणि मंडळीच्या प्रेमावर, स्वीकारावर त्यांचा इतरांइतकाच पूर्ण हक्क आहे. ८ जानेवारी १९७७ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये पॉली मरे यांना दीक्षा मिळाली. एपिस्कोपल मंडळीतली ही पहिली काळी स्त्री पाळक. पुढच्याच महिन्यात त्यांनी चॅपल हिलमध्ये, आजीचा जिथे गुलाम म्हणून बाप्तिस्मा झाला होता त्याच चर्चमध्ये, प्रभुभोजन दिलं. देवाचं काम असं असतं.

पण थांबा. त्यांच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बिशप पॉल मूर यांनी एलन बॅरेट यांना दीक्षा दिली. आपण लेस्बियन आहोत हे एलन उघडपणे सांगत होत्या. केवढा गदारोळ झाला! आणि १९७९ च्या महासभेने ठरवलं की समलिंगी संबंधात राहणाऱ्यांना दीक्षा देणं योग्य नाही. लेकरं म्हणून हक्क पूर्ण, पण वेदीजवळ यायचं नाही.

म्हणजे पॉली ज्या दारातून आत गेल्या, त्या दाराशी स्वतःचा एक भाग बाहेर ठेवावा लागत होता. १९८५ मध्ये त्या वारल्या. आत्मचरित्रात या विषयावर एक शब्द नाही. पण त्यांनी आपले कागद जाळलेही नाहीत. डॉक्टरांशी झालेला पत्रव्यवहार, टिपणं, सगळं जपून हार्वर्डच्या ग्रंथालयाकडे सोपवलं. जिवंतपणी जे बोलता आलं नाही, ते पुढच्या पिढीच्या हाती दिलं.

२०१२ च्या महासभेने पॉली मरे यांचं नाव संतांच्या दिनदर्शिकेत घेतलं. त्याच महासभेने ट्रान्स व्यक्तींना दीक्षेचा मार्ग मोकळा केला आणि समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याचा उपासनाविधी मंजूर केला. पॉलींच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी.

मला यातून एवढंच कळतं: अर्धं माणूस आत घेणं म्हणजे आत घेणं नव्हे. आपल्या क्वायरमध्ये, यूथ फेलोशिपमध्ये आज कुणीतरी असंच बसलेलं असेल. मोठ्याने गातंय, दशांश देतंय, आणि प्रत्येक विनोदाला घाबरतंय. ठराव व्हायला वर्षं लागतात. पण येत्या रविवारी तो विनोद थांबवायला महासभा लागत नाही. त्याच्या शेजारी बसायलाही लागत नाही.

प्रार्थना: प्रभू येशू, तू आम्हाला पुरतं ओळखून बोलावलंस. आमच्या मंडळीच्या दाराशी कुणालाही स्वतःचा तुकडा काढून ठेवावा लागू नये. ज्यांना आम्ही गप्प केलं, त्यांचं ऐकायला आम्हाला कान दे. आमेन.